पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, २००७

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, २००७ ही फ्रान्समधील पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या दीर्घ पल्ल्याच्या सायकल सफरीची ऑगस्ट २००७ मध्ये पार पडलेली आवृत्ती होय. पॅरिसजवळील सँ-काँतँ-आँ-इव्हलीन येथून निघून अटलांटिक किनाऱ्यावरील ब्रेस्ट या बंदरापर्यंत जाणे आणि तेथून परत येणे, असा सुमारे १,२२० किलोमीटरचा हा मार्ग सायकलस्वारांना कमाल ९० तासांत पूर्ण करावयाचा होता. २००७ची आवृत्ती दीर्घकाळ चाललेला पाऊस, गार हवा आणि पश्चिमेकडून वाहणारा वारा यांमुळे ओळखली जाते. या आवृत्तीत पाच हजारांहून अधिक सायकलस्वारांनी प्रस्थान केले. त्यांपैकी सुमारे ३० टक्के सायकलस्वारांना सफर पूर्ण करता आली नाही. त्याआधीच्या, २००३च्या आवृत्तीत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते.

पार्श्वभूमी

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसची सुरुवात १८९१ मध्ये 'ल पती जुर्नाल' या वृत्तपत्राचे संपादक प्येर जिफार यांच्या पुढाकाराने शर्यत म्हणून झाली. सायकल हे दूरच्या प्रवासाचे भरवशाचे साधन आहे, हे सिद्ध करणे हा तिचा हेतू होता. पहिल्या शर्यतीत शार्ल तेराँ याने सुमारे ७१ तासांत अंतर कापून विजय मिळवला. त्यानंतर ही शर्यत दर दहा वर्षांनी होऊ लागली. १९०१ मध्ये मोरिस गारँ विजयी झाला. पुढे १९०३ मध्ये पहिली तूर द फ्रान्स शर्यतही त्यानेच जिंकली.

पावसाचा या मार्गाशी जुना संबंध आहे. १९३१च्या शर्यतीत सततच्या पावसातही ऑस्ट्रेलियाच्या ह्युबर्ट ऑपरमन याने ४९ तासांहून थोड्या अधिक वेळात विजय मिळवून तोपर्यंतचा विक्रम मोडला. त्याच वर्षापासून व्यावसायिक शर्यतीच्या जोडीने हौशी सायकलस्वारांसाठी स्वतंत्र सफर सुरू झाली. व्यावसायिक शर्यत १९५१ नंतर बंद पडली. हौशी सफर मात्र टिकून राहिली. १९७५ पासून ती दर चार वर्षांनी भरते. तिचे आयोजन १९०४ मध्ये स्थापन झालेला ऑडॅक्स क्लब पारिझियाँ हा क्लब करतो.

समूहगती आणि मुक्तगती

'ऑडॅक्स' हा मूळ लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'धाडसी' असा होतो. १८९७ मध्ये इटलीतील काही सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे २०० किलोमीटरहून अधिक अंतर दिवसाउजेडी पूर्ण केले, तेव्हापासून हा शब्द दीर्घ पल्ल्याच्या सायकल सफरींसाठी रूढ झाला. १९०४ मध्ये आँरी देग्रांज यांनी हा प्रकार फ्रान्समध्ये आणला. मूळ ऑडॅक्स पद्धतीत सर्व सायकलस्वार एका गटाने, मार्गप्रमुखाच्या मागे, ठरावीक गतीने जातात. ही गती पुढे ताशी २२.५ किलोमीटर अशी निश्चित झाली. मार्गप्रमुखाला ओलांडून पुढे जाण्याची मुभा नसते.

१९२१ मध्ये देग्रांज आणि ऑडॅक्स क्लब पारिझियाँ यांच्यात मतभेद होऊन क्लबने स्वतःची निराळी पद्धत सुरू केली. तीत प्रत्येकाने आपल्या गतीने जावे, मात्र ठरलेल्या कमाल वेळेत पोहोचावे, असा नियम आहे. या पद्धतीच्या सफरीला 'ब्रेव्हे' आणि सायकलस्वाराला 'रॅन्डोनर' म्हणतात. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही याच मुक्तगती पद्धतीची सफर आहे. असे असले तरी बहुतांश सहभागी वाटेत लहानमोठे गट करून जातात, कारण पुढच्या सायकलच्या आडोशाने वाऱ्याचा अवरोध कमी होतो आणि रात्री सोबत मिळते. हे गट नियमाने बांधलेले नसून गरजेनुसार जुळतात आणि मोडतात.

पात्रता आणि नियम

सहभागासाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पूर्ण करणे आवश्यक होते. त्यांच्या कमाल वेळा अनुक्रमे १३ तास ३० मिनिटे, २० तास, २७ तास आणि ४० तास अशा असतात. मुख्य सफरीसाठी सहभागींना ८०, ८४ किंवा ९० तासांपैकी एक मर्यादा निवडता येत होती.

प्रत्येक सहभागीजवळ एक मार्गपत्रिका असते. वाटेतील नियंत्रण स्थानांवर ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचून तिच्यावर शिक्का घ्यावा लागतो; एक शिक्का राहिला तरी सफर अपूर्ण ठरते. मदतीची वाहने केवळ नियंत्रण स्थानांजवळच सहभागींना भेटू शकतात. रात्री परावर्तक जाकीट आणि सायकलला पुढे-मागे स्थिर प्रकाशाचे दिवे सक्तीचे आहेत. पाऊस, वादळ किंवा सायकलचा बिघाड यांसाठी घड्याळ थांबत नाही. सफरीत अधिकृत क्रमवारी नसते. मुदतीत परतलेला प्रत्येक सायकलस्वार समान मानाचा धनी ठरतो.

मार्ग

सँ-काँतँ-आँ-इव्हलीन येथून निघालेला मार्ग मोर्तान्य-ओ-पेर्श, व्हिलेन-ला-ज्युएल, फूजेर, तँतेन्याक, लुदेआक आणि कारे-प्लुगेर या गावांमधून ब्रेस्टला पोहोचत होता आणि जवळपास त्याच वाटेने परतत होता. परतीच्या प्रवासात मोर्तान्यनंतर द्र्यू येथेही नियंत्रण स्थान असते. मार्गावर मोठे पर्वत नाहीत. ब्रिटनी प्रांतातील आरे टेकड्यांवर रॉक त्रेव्हेझेलजवळ समुद्रसपाटीपासून ४०० मीटरहून कमी उंचीवर सर्वोच्च टप्पा येतो. मात्र लहान चढउतारांची मालिका अखंड असल्याने एकूण चढाई सुमारे १०,००० मीटरपर्यंत जाते.

हवामान

९० तासांच्या गटाचे प्रस्थान सोमवार, २० ऑगस्ट २००७ रोजी रात्री टप्प्याटप्प्याने झाले. पहिल्या रात्रीच पावसाने गाठले आणि पुढील दिवसांत तो थांबून थांबून पुन्हा येत राहिला. ब्रेस्टकडे जाताना मार्ग पश्चिमाभिमुख असल्याने अटलांटिकवरून येणारा वारा समोरून लागत होता. ब्रिटनीत ऑगस्टमधील रात्रीही गार असतात; भिजलेल्या अंगाला वारा लागून हा गारवा अधिकच जाणवला.

पावसाचे परिणाम

वेळेची शिल्लक

पावसाने सर्वाधिक हानी केली ती वेळेच्या शिल्लकेची. सायकलवर असताना सरासरी गती ताशी २० किलोमीटर राहिली, तर १,२२० किलोमीटरसाठी ६१ तास लागतात आणि ९० तासांपैकी २९ तास झोप, जेवण व नियंत्रण स्थानांसाठी उरतात. पाऊस व वाऱ्यामुळे हीच गती १७ वर आली, तर सुमारे ७२ तास लागतात आणि १८ तासच उरतात. ताशी तीन किलोमीटरच्या घटीने अकरा तासांची शिल्लक नाहीशी होते. प्रत्येक नियंत्रण स्थानावर अर्धा तास गेला, तरी उरलेल्या वेळेतील सहा-सात तास त्यातच संपतात. पावसात हा थांबा आणखी लांबतो. कपडे बदलणे, मोजे पिळणे, साखळीला तेल देणे ही कामे वाढतात.

झोप

कोरड्या हवामानात अनेक रॅन्डोनर रस्त्याच्या कडेला गवतावर दहा-वीस मिनिटांची डुलकी घेतात. ओल्या रात्री हा मार्ग बंद होतो. मग नियंत्रण स्थानांवरील खाटा, जेवणघरातील फरशी, बसथांबे किंवा इमारतींचे आडोसे यांवर ताण येतो. झोपेचा अभाव तिसऱ्या रात्री विशेष धोकादायक ठरतो. चालत्या सायकलवर डोळा लागणे, रस्ता चुकणे आणि भास होणे हे प्रकार दीर्घ पल्ल्याच्या सफरींत परिचित आहेत.

शरीर

भिजलेले शरीर चढावर उष्णता निर्माण करते. परंतु उतारावर आणि थांब्यानंतर ते झपाट्याने गार पडते. त्यामुळे उबदार नियंत्रण स्थानातून पुन्हा पावसात निघणे हा क्षण कठीण असतो. थरकाप, बोटांची बधिरता आणि विचारांतील मंदपणा ही शरीराचे तापमान घटत असल्याची लक्षणे होत. बोटे बधिर झाली की ब्रेक दाबणे, गिअर बदलणे आणि पाकिटातून खाद्यपदार्थ काढणेही अवघड होते. खाणे कमी झाले की थंडी अधिक वाजते. सतत ओली राहिलेली त्वचा मऊ पडून सीटवरील घर्षणाने सोलवटते. सफर सोडण्यास अशी जखमही पुरेशी ठरते.

सायकल

रिमवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकची पकड पाण्यामुळे उशिरा लागते. रिमवरील पाणी पुसले जाईपर्यंत सायकल थांबत नाही. वाळूमिश्रित पाण्याने ब्रेकचे रबर लवकर झिजते आणि साखळीवरील तेल धुऊन जाते. ओल्या टायरला काचेचे तुकडे व खडे चिकटून पंक्चर अधिक होतात आणि ओल्या ट्यूबवर ठिगळ नीट बसत नाही. म्हणून पावसाळी सफरीत जास्तीच्या ट्यूब बाळगणे श्रेयस्कर मानले जाते.

समूहातील शिस्त

पावसात गटाने जाण्याचे फायदे आणि धोके दोन्ही वाढतात. समोरच्या वाऱ्यात आळीपाळीने पुढे राहिल्यास सर्वांची शक्ती वाचते. परंतु पुढील चाकावरून उडणारे गढूळ पाणी मागच्याच्या तोंडावर येते. त्यामुळे मागील मडगार्ड लांब असणे आणि त्याला खाली रबरी पट्टी जोडलेली असणे हा रॅन्डोनरांमधील शिष्टाचार समजला जातो. ब्रेक उशिरा लागत असल्याने दोन सायकलींतील अंतर वाढवावे लागते, खड्डा किंवा वळण आल्याची सूचना आवाजाने मागे पोहोचवावी लागते आणि रस्त्यावरील रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे व रूळ सरळ ओलांडावे लागतात.

गटाचा दुसरा उपयोग देखरेखीचा आहे. थंडीने किंवा झोपेने ग्रासलेल्या व्यक्तीला स्वतःची अवस्था उमगतेच असे नाही. ती सोबत्याला बोलण्यातील अडखळण्यावरून किंवा सायकलच्या डळमळण्यावरून कळते. याउलट, गटातील एकाचे पंक्चर सर्वांचा वेळ घेते. थांबावे की पुढे जावे, हा निर्णय मुक्तगती पद्धतीत प्रत्येकाचा स्वतःचा असतो आणि शिल्लक तुटपुंजी असताना तो अधिक कठीण होतो.

गावकऱ्यांचा सहभाग

मार्गावरील गावांतील रहिवासी या सफरीकडे स्थानिक उत्सव म्हणून पाहतात. घरासमोर टेबल मांडून कॉफी, पाणी आणि खाद्यपदार्थ देणे, रात्री उशिरापर्यंत जागून सायकलस्वारांना प्रोत्साहन देणे ही तेथील जुनी प्रथा आहे. व्हिलेन-ला-ज्युएल येथील स्वागत विशेष प्रसिद्ध आहे. नियंत्रण स्थानांचा कारभार प्रामुख्याने स्वयंसेवक चालवतात.

निष्पत्ती

सुमारे ३० टक्क्यांच्या गळतीमुळे २००७ची आवृत्ती अलीकडच्या दशकांतील कठीण आवृत्त्यांमध्ये गणली जाते. सहभागी झालेले सर्वजण ६०० किलोमीटरपर्यंतच्या पात्रता ब्रेव्हे पूर्ण करून आलेले होते, ही बाब लक्षात घेता हे प्रमाण बोलके आहे. दोन दिवसांच्या सफरीत ओल्या कपड्यांची किंवा अपुऱ्या झोपेची चूक निभावून नेता येते. चौथ्या दिवसापर्यंत ती निभावत नाही. मडगार्ड, भिजल्यावरही ऊब टिकवणारे लोकरी कपडे, भरवशाचे दिवे आणि आरंभीच जमवून ठेवलेली वेळेची शिल्लक यांचे महत्त्व या आवृत्तीने ठळक केले.

भारत आणि महाराष्ट्र

२०१०च्या सुमारास भारतात नियमित ब्रेव्हे सुरू झाल्या. ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्स ही संस्था देशातील ब्रेव्हेंचे समन्वयन करते. मुंबई, पुणे, नाशिक आणि नागपूर ही महाराष्ट्रातील प्रमुख केंद्रे होत. २०११ नंतरच्या आवृत्त्यांत भारतीय सहभागींची संख्या वाढत गेली. २०१९ आणि २०२३ मध्ये देशातून शेकडो सायकलस्वारांनी नोंदणी केली.

महाराष्ट्रातील रॅन्डोनरांना पावसाळी सायकलिंगचा सराव असला, तरी सह्याद्रीतील आणि ब्रिटनीतील पाऊस सारखे नाहीत. सह्याद्रीतील पावसाचे प्रमाण कितीतरी अधिक असते. मात्र हवा तुलनेने उबदार असल्याने भिजणे सहसा धोक्याचे ठरत नाही. तेथील मुख्य धोके म्हणजे पाण्याखाली दडलेले खड्डे, घाटातील धुके, निसरडी वळणे आणि दरडी. ब्रिटनीत पाऊस थोडा, पण हवा गार असते. तेथे मुख्य धोका थंडीचा असतो. त्यामुळे मोसमी पावसात पुरेसे ठरणारे पातळ जाकीट तेथील रात्री अपुरे पडू शकते.

हे सुद्धा पहा

ऑडॅक्स क्लब पारिझियाँ
ब्रेव्हे
रॅन्डोनर
तूर द फ्रान्स
ह्युबर्ट ऑपरमन