आधी उजेड, मग रंग

1982 साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी रंगीत टीव्ही ही चैन होती. 1987मध्ये आलेलं ‘रामायण’ही मराठवाड्यातल्या असंख्य घरांनी ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीवरच पाहिलं. प्रक्षेपण रंगीत, संच जुना. तरी चित्र दिसे. ते कसं? विद्यार्थ्यांनी रंगीत टीव्हीच्या तंत्राकडे याच प्रश्नाच्या दाराने यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

1938 साली फ्रान्सच्या जॉर्ज वालेन्सी यांनी एक युक्ती मांडली: चित्राचा निव्वळ उजळपणा हा मुख्य संकेत ठेवायचा आणि रंगाची माहिती त्याला वेगळी जोडायची. जुना संच उजळपणा तेवढा घेतो, नवा दोन्ही घेतो. गरिबाच्या घरातला संच बाद न करणारं हे तंत्र मला फार मोलाचं वाटतं.

उजळपणा म्हणजे तीन रंगांची सरासरी नव्हे. डोळ्याला हिरवा सर्वांत तेजस्वी वाटतो, निळा सर्वांत मंद. म्हणून लालाचा वाटा 0.299, हिरव्याचा 0.587, निळ्याचा अवघा 0.114. लाल आणि हिरवा मिळून होणारा पिवळा 0.886 भरतो, जुन्या पडद्यावर तो जवळजवळ पांढरा दिसतो, निळा मात्र काळ्याकडे झुकतो. रंगासाठी मग दोनच संकेत लागतात: लाल वजा उजळपणा आणि निळा वजा उजळपणा. उजळपणा आणि या दोन वजाबाक्या यांतून हिरवा गणिताने निघतो. करड्या भागात दोन्ही वजाबाक्या शून्य होतात, रंगाचा संकेत आपोआप विझतो.

वॉल्टर ब्रुख यांनी जर्मनीत घडवलेली आणि भारताने स्वीकारलेली पाल पद्धत उजळपणाला 5 मेगाहर्ट्झ देते, रंगाला जेमतेम 1.3, कारण बारकावे डोळा मुख्यतः उजेडातून टिपतो. उजळपणाची ऊर्जा 15,625 हर्ट्झच्या पटींभोवती गोळा होते. मधल्या फटींत, 4.43 मेगाहर्ट्झपाशी, रंगाचा संकेत बसवला आहे. बारीक रेघांच्या सदऱ्यावर नसलेले रंग नाचतात ते यामुळेच: रेघांचा उजळपणा रंगाच्या जागेत शिरतो आणि संच फसतो.

पाल प्रक्षेपणाचे दिवस सरले, ही विभागणी सरली नाही. हातातल्या मोबाइलवरच्या बहुतेक व्हिडिओंत आजही उजळपणाच्या चार नमुन्यांमागे प्रत्येक रंगफरकाचा एकच नमुना साठवलेला असतो.