तळपायांची आग

भिवंडीहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या एस. टी.त एखादा तरी वयस्क उतारू असा भेटतो, की जो देवीच्या दर्शनाइतकाच गरम पाण्याच्या कुंडांसाठी निघालेला असतो. वसई जिंकल्यावर, म्हणजे १७३९ नंतर, चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधविलेले हे देऊळ; आणि जवळच तानसा नदीच्या काठी अकलोली, गणेशपुरीची उष्णोदकाची कुंडे. "रात्री तळपाय नुसते जळतात हो, मुंग्या येतात, पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही," असं हे उतारू सांगतात.

माझे मामा त्यांतलेच. यंत्रमागावर उभ्याने आयुष्य गेलेले, मधुमेह जुना. एकदा कुंडात इतर मंडळी पाय बुडवून "हाय हाय" करीत मागे घेत होती, आणि मामा मात्र खुशाल बसून राहिले. आम्हांला त्यांचे कौतुकच वाटले. संध्याकाळी दोन्ही पायांना फोड आले. जखम भरायला चार महिने लागले, आणि एक बोट गेले ते गेलेच. जे पाय रात्री आगीसारखे जळतात, त्यांना कढत पाणी कसे कळले नाही? मी इतिहास शिकविणारा माणूस. या प्रश्नाचा मागही मी त्याच वाटेने काढला.

श्रोतेहो, हे कोडे आपल्याकडे फार पूर्वीच नोंदलेले आहे. लघवीला मुंग्या लागतात ही चरकसंहितेतील खूण पुष्कळांना ठाऊक असते. पण तिथेच प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांची बधिरता आणि दाह ही दोन्ही एकत्र सांगितली आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही. सुश्रुतानेही तळहात-तळपायांची आग नोंदली आहे. बधिरपणा आणि जळजळ एकाच पायात नांदू शकतात, हे त्या वैद्यांनी नेमके पाहिले होते. कारण मात्र त्यांच्या हाती नव्हते.

युरोपात तर बराच काळ गाडी उलटीच जोडलेली होती : मज्जातंतू बिघडतात म्हणून मधुमेह होतो, अशी समजूत. १८६४ मध्ये मार्शाल द काल्वी या फ्रेंच वैद्याने ती सुलटी केली. आधी मधुमेह, मग तंतूंचा बिघाड. १८८५ मध्ये इंग्लंडात पेव्ही यांनी जड पाय, बधिर तळवे आणि विजेसारख्या कळा यांचे वर्णन केले. पुढे जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोला चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन टोचले गेले. रोगी जगू लागले. आणि जगू लागले म्हणूनच पायांचे हे दुखणे अधिक दिसू लागले.

रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे तंतूंना आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करते. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून सुरुवात तिथून. जखमी तंतू उगाच संदेश पाठवितो, ती आग. मेलेला तंतू काहीच कळवीत नाही, ती बधिरता. मामांच्या पायांत दोन्ही होते.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग आपल्या देशातला आहे. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर उपचार करीत. बोटे झडतात ती मांस सडून नव्हे, तर वेदना न कळल्याने वारंवार होणाऱ्या इजांमुळे, हे त्यांनी ओळखले. पुढे अमेरिकेत कारव्हिलला गेल्यावर तेच ज्ञान मधुमेही पायांच्या कामी आले. तिथेच १९८६ मध्ये असे दिसून आले, की दहा ग्रॅम दाबाने वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला लावावा. तो ज्याला कळत नाही, त्याच्या पायाला जखमेचा धोका. आमच्या भिवंडीत धाग्याला काय तोटा! पण धाग्याचा हा उपयोग इथे किती जणांना माहीत असेल?

उपायांचे सांगायचे, तर १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातील १४४१ रोग्यांच्या पाहणीचा निष्कर्ष आला. साखर काटेकोर ताब्यात ठेवल्याने तंतूंचा बिघाड सुमारे साठ टक्क्यांनी घटला. हे रोगी इन्शुलिनवाचून न जगणारे होते. उतारवयातल्या मधुमेहात एवढा लाभ दिसत नाही, तरी पाया तोच. कळा शमविण्यास अॅमिट्रिप्टिलीन हे मूळचे खिन्नतेवरचे औषध, गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन ही अपस्माराची, शिवाय ड्युलोक्सेटिन. डॉक्टर ती थोडक्या मात्रेत सुरू करून वाढवितात. ती वेदना कमी करतात, तंतू पुन्हा उगवीत नाहीत. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे, कारण त्याच्या उणिवेनेही पाय बधिर होतात. शिक्षकबंधूंना एक सांगतो : बधिर पाय म्हणजे कुष्ठरोगच, या भीतीने खेड्यात माणसे पाय लपवितात. दोन्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि दोन्हींवर वेळेवर उपचार आहेत.

मामा आता कुंडावर जात नाहीत. रोज रात्री मामी त्यांचे तळवे दिव्याखाली धरून बोटांच्या बेचक्या पाहते, चप्पल झटकून आत खडा नाही ना याची खात्री करते, आणि सकाळी आंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचे कोपर बुडविते.