शहाजीराजांच्या मांडीवरचा राजा

मोशीच्या पुलावर उभे राहा. चाकणहून नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर एकामागे एक सरकताहेत, कंपन्यांच्या बस हॉर्न वाजवताहेत, खालून इंद्रायणी वाहते आहे. आता इथूनच मागे चला, १६३६ च्या पावसाळ्यात. पूल गेला, रस्ता गेला, भोसरीचे कारखाने गेले. उरला तो गढूळ पाण्याचा लोंढा. पाणी ओसरेपर्यंत तुम्हाला अलीकडेच थांबावं लागणार आहे.

थांबलेले तुम्ही एकटे नाही. नदीच्या खालच्या अंगाला, लोहगावाजवळ, मोगल सरदार खानजमानची छावणी पडली आहे. आधी घोडनदीपाशी पावसाने त्याला अडवलं, आता पुढे इंद्रायणी, मुळा आणि मुठा अशा तीन नद्या फुगल्या आहेत. ज्यांच्या मागावर तो आला ते शहाजीराजे सतरा कोसांवर, कोंढाणा-तोरण्याच्या डोंगरात आहेत. त्यांच्यासोबत एक पोर आहे, आणि ही एवढी फौज त्या पोरासाठीही आली आहे.

भोवतालचा मुलूख डोळे उघडे ठेवून बघा. दुष्काळाला चारच वर्षं झाली आहेत. पुणं आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळलं त्यालाही फार दिवस लोटलेले नाहीत. नदीच्या वरच्या अंगाला देहूत ऐन तिशीच्या उंबरठ्यावर असलेले तुकोबा आहेत. घरातली माणसं त्याच दुष्काळात गमावलेले. उत्तरेला चाकणचा भुईकोट, भोवती खंदक. निजामशाहीचा पाया घालणाऱ्या मलिक अहमदने हाच किल्ला बहामनी किल्लेदाराला मारून घेतला होता. १४९० मध्ये उभं राहिलेलं ते राज्य आता, १४६ वर्षांनी, याच टापूत शेवटचे आचके देतं आहे.

आणि त्या राज्याचा वारस म्हणजे ते पोर, मुर्तजा निजामशहा.

१६३३ च्या जूनमध्ये दौलताबाद पडलं. तिथला बालराजा हुसेन मोगलांच्या हाती लागला आणि त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात धाडलं गेलं. शहाजीराजांनी हार मानली नाही. निजामशाही घराण्यातला हा दुसरा मुलगा त्यांनी पुढे आणला. नाणेघाटाजवळच्या जीवधन किल्ल्यावर तो कैदेत होता, तिथून सोडवून संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं. राजे त्याला मांडीवर घेऊन तख्तावर बसत, असं जुने लोक सांगतात. नाव त्याचं, कारभार राजांचा. तीन वर्षं हे चाललं, आणि मोगलांना पुरून उरलं. शहाजीराजांच्या कर्तृत्वाचा हा काळ मला फार मोठा वाटतो. स्वराज्याची तालीम म्हणून आपण तो सांगतो, आणि सांगताना मांडीवरचं पोर विसरतो.

पाणी उतरलं. फौज निघाली आहे, तुम्हीही मागोमाग निघा. राजे कुंभा घाटाने कोकणात उतरले, तिथे आसरा मिळाला नाही म्हणून त्याच घाटाने परत वर आले, आणि पाठलागावरच्या मोगलांनी त्यांना गाठलं. झटापट संपल्यावर चिखलात काय पडलं आहे ते जवळ जाऊन बघा. उंट, सामानसुमान, आणि त्यात त्या मुलाचा नगारा, त्याचं छत्र, त्याची पालखी, त्याचं निशाण. राजेपणाची सगळी चिन्हं मोगलांनी उचलली. मुलाला घेऊन राजे निसटले होते.

शेवट माहुलीच्या गडावर झाला. खालून खानजमान आणि आदिलशाही सरदार रणदुल्लाखान यांनी गड आवळला. राजांनी मोगलांची चाकरी मागून पाहिली. उत्तर आलं की जीव वाचवायचा तर आदिलशहाकडे जा. मग जुन्नर, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन असे किल्ले गेले, आणि मुलगाही मोगलांच्या स्वाधीन झाला. राजांना मी दोष देणार नाही. अन्न, माणसं, वाटा, सगळं तुटल्यावर त्यांनी हे केलं. त्यांचा स्वतःचा शिवबा तेव्हा सहा वर्षांचा होता, आणि पुढे हाच पुणे-सुपे-चाकणचा मुलूख त्याच्या वाट्याला आला. पण गडाच्या दरवाज्यातून बाहेर नेलेल्या त्या दुसऱ्या मुलाकडेही बघा, कारण यापुढे त्याच्याकडे बघणारं कोणी नाही.

१६३७. दख्खनचा अठरा वर्षांचा सुभेदार औरंगजेब स्वतःच्या लग्नासाठी उत्तरेत निघाला आहे आणि कैदी मुर्तजा त्याच्यासोबत आहे. ग्वाल्हेरचा दरवाजा उघडतो. शहाजहानच्या दरबारी इतिहासकाराने नोंदवलं आहे की तिथे आधीच दोन निजाम होते: एक अहमदनगर पडलं तेव्हाचा, दुसरा दौलताबादचा. अहमदनगरचा म्हणजे चांदबिबीने ज्याच्यासाठी किल्ला लढवला तो बहादूर. १६०० साली तोही पोरच होता. एकाच घराण्याचे तीन राजे, एकाच किल्ल्यात. इथे मुर्तजाचा माग संपतो.

लंडनच्या टॉवरमध्ये १४८३ साली बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि नऊ वर्षांचा त्याचा भाऊ दिसेनासे झाले. त्यांच्यावर नाटकं झाली; १६७४ मध्ये जिन्याखाली सापडलेली हाडं त्यांचीच मानून वेस्टमिन्स्टर ॲबेत ठेवली गेली. इंग्रज अजून त्यावर वाद घालतात. आपल्याकडे वाद घालायलाही कोणी नाही.

बर्निए हा फ्रेंच वैद्य लिहितो की ग्वाल्हेरच्या शाही कैद्यांना रोज सकाळी रात्रभर भिजवलेल्या अफूच्या बोंडांचं पाणी पाजत. ते प्यायल्याशिवाय अन्न मिळत नसे आणि माणूस हळूहळू झिजून मरे. औरंगजेबाचा पुतण्या सुलेमान शुकोह १६६२ मध्ये याच किल्ल्यात मेला. मुर्तजा तेव्हा हयात असला तर तिशी ओलांडलेला असणार. तो हयात होता का, तेच पाणी त्याला किती वर्षं पाजलं, हे किल्ल्याच्या कोणत्या पहारेकऱ्याला तरी ठाऊक असेलच.