बारीक बाईची शुगर

कुणी चुलीपुढं असेल, कुणी तूर निवडत बसली असेल. हात चालू ठेवा, कान इकडं द्या. आज आपण शुगरचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. हा इतिहास आपल्या रक्ताचा आहे, आणि त्यात आपल्यासारख्याच खेड्यातल्या बायांचा मोठा वाटा आहे.

सुरुवात एका बोलण्यापासून करू. "तुला कशाची शुगर होतीय? अंगावर मूठभर मांस नाही तुझ्या." देवणीच्या बाजारात, विहिरीवर, लग्नाच्या मांडवात हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि म्हटलंयही. आमच्या गटातल्या एका मावशीला तपासणीच्या रांगेतून असंच परत पाठवलं होतं. बारीक आहेस, रानात राबतेस, तुला गरज नाही, असं सांगून. पुढं पायाची जखम भरेना, तेव्हा रक्त तपासलं आणि शुगर निघाली. मग दुसरा सल्ला मिळाला: भात बंद, भाकरी अर्धी, वजन कमी करा. मावशीचं वजन आधीच चाळीस किलोच्या आसपास. त्यातलं कमी काय करायचं?

हा प्रश्न नवा नाही. आपल्या जुन्या वैद्यांनी तो फार पूर्वी ओळखला होता. लघवीला मुंग्या लागतात, ती मधासारखी गोड असते, म्हणून त्यांनी या रोगाला मधुमेह म्हटलं. चरक आणि सुश्रुत या दोघांच्या ग्रंथांत रोग्यांचे दोन प्रकार सांगितलेत. एक जाड आणि ताकदीचा, दुसरा बारीक आणि अशक्त. जाड माणसाला लंघन आणि व्यायाम द्यावा, बारीक माणसाला मात्र अंग धरेल असं अन्न द्यावं, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे एकाच रोगाला दोन वाटा. पण त्यांच्याजवळ मापायला डोळे आणि जीभ एवढंच होतं. रक्तात काय चाललंय ते दिसायची सोय नव्हती.

ती सोय व्हायला शेकडो वर्षं गेली. 1921 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिन वेगळं काढता आलं. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या घरात घेणारी किल्ली. पुढं 1968 मध्ये इराणमधले डॉक्टर सॅम्युअल राहबर यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळं हिमोग्लोबिन दिसलं. साखर त्याला चिकटून बसली होती. त्यातूनच आजची एचबीएवनसी तपासणी आली. तिला आपण तीन महिन्यांची शुगर म्हणतो.

शुगर मोजता आली, पण ती टाळता येते का? चीनमधल्या दाचिंग शहरात 1986 साली 577 लोकांवर हे पाहायला सुरुवात झाली. त्यांची साखर काठावर होती. खाण्यात आणि चालण्यात बदल केला तर पुढं शुगर होण्याचं प्रमाण घटतं, हे तिथं दिसलं. आपल्या देशात चेन्नईच्या डॉक्टर ए. रामचंद्रन यांनी 531 लोकांवर असाच अभ्यास केला, तो 2006 साली छापून आला. साधारण अडीच-तीन वर्षांत, नेहमीचाच सल्ला मिळालेल्या शंभर लोकांमागं 55 जणांना शुगर झाली. ज्यांनी रोज चालणं आणि जेवणातला बदल धरून ठेवला, त्यांच्यात शंभरामागं 39 जणांना झाली. यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. म्हणजे शुगर टाळायची तर आधी वजनच घटलं पाहिजे असं नाही.

आता पुण्याकडं जाऊ, कारण बारीक माणसाच्या शुगरचं कोडं तिथं उलगडत गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण पाहत होते. पुस्तकात लिहिलेलं असायचं की हा रोग उतारवयातल्या जाड लोकांचा. समोर मात्र तरुण आणि बारीक माणसं येत होती. याचं मूळ शोधायला त्यांच्या चमूनं 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. लग्न झालेल्या बायांची नोंद ठेवायची, दिवस गेले की त्यांचं खाणं, काम आणि रक्त तपासायचं, आणि पुढं बाळ मोठं होईपर्यंत त्याच्या मागं राहायचं, असं ते काम.

त्या बाया कशा होत्या? गरोदर होण्याआधी सरासरी वजन 42 किलोच्या आत, उंची पाच फुटांच्या आसपास. शेतात काम, डोक्यावर पाणी, जेवण सगळ्यांच्या शेवटी. आपल्या आया आणि सासवा डोळ्यांपुढं आणा, तशाच. त्यांची बाळं सरासरी 2 किलो 700 ग्रॅमची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन गावच्या बाळांचं सरासरी वजन होतं साडेतीन किलो. आपली बाळं सगळ्या मापांनी लहान भरली, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. कमी होतं ते मांस. बाहेरून बारीक, आतून चरबीचं, असं हे बाळ. ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं अंगानं मोठी होती, हेही तिथंच दिसलं.

ही गोष्ट पटवून द्यायला 2004 साली याज्ञिकांनी आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापला. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचा अगदी एकच, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. काट्यावर सारखे, आतून वेगळे. म्हणूनच नुसत्या वजनकाट्यावर विसंबायचं नाही.

त्या सहा गावांतली बाळं मोठी झाली. 18 वर्षांची झाली तेव्हा त्यातल्या 619 जणांचं रक्त तपासलं. जवळजवळ निम्मी पोरं वजनानं कमीच होती. तरीही मुलांमध्ये शंभरातल्या 37 जणांची आणि मुलींमध्ये शंभरातल्या 18 जणींची साखर चढलेली निघाली. जवळपास सगळ्यांची काठावरची. आणि ज्यांची चढलेली निघाली, त्यांच्या रक्तात त्याची खूण सहाव्या आणि बाराव्या वर्षीच होती. तेव्हापासूनच त्यांची उपाशीपोटीची साखर इतरांपेक्षा थोडी वर होती. त्यांच्या आयांचीही साखर गरोदरपणी थोडी वर होती. रक्त आधीच सांगत होतं, बघणारं कुणी हवं होतं.

हे ऐकताना आम्हाला 1972 चा दुष्काळ आठवतो. आपल्या मराठवाड्यातल्या बायांनी तेव्हा खडी फोडली, माती वाहिली, सुकडी आणि मिलोवर दिवस काढले. त्यातल्या कितीतरी जणी पोटुशी होत्या. युरोपात हॉलंड देशात 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळं अशीच उपासमार झाली होती. तेव्हा आईच्या पोटात असलेली मुलं पन्नाशीला आली, तेव्हा त्यांचं रक्त तपासलं. ग्लुकोज पाजून दोन तासांनी त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त भरली. आपल्याकडं 72 च्या सुमारास जन्मलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. आपल्या गटातही अशा ताया आहेत. त्यांनी बारीक आहोत म्हणून तपासणी टाळू नये.

आता मुख्य मुद्द्याकडं येऊ. आपली देवणी गायीबैलांसाठी सगळ्या देशात ओळखली जाते. एकाच दावणीला दुभती गाय, गाभण गाय आणि औताचा बैल बांधलेला असला तरी आपण तिघांना एकसारखी वैरण टाकत नाही. मग माणसाला सगळ्यांना एकच सल्ला का?

चेन्नईतल्या आणखी एका अभ्यासात हा प्रश्न रक्ताच्या आकड्यांवर तपासला गेला. तो 2016 साली छापून आला. काठावर साखर असलेले 578 लोक त्यात होते, सगळे जास्त वजनाचे. खाण्याचे आणि व्यायामाचे वर्ग घेतले, गरज पडली तिथं गोळी दिली. एकूण पाहता शुगर होण्याचं प्रमाण 32 टक्क्यांनी घटलं. पण सगळ्यांना सारखा गुण आला नाही. ज्यांची उपाशीपोटीची आणि ग्लुकोज घेतल्यानंतरची, अशा दोन्ही साखरा चढलेल्या, त्यांच्यात 36 टक्के घट. फक्त ग्लुकोजनंतरची चढलेली, त्यांच्यात 31 टक्के. आणि फक्त उपाशीपोटीची चढलेली, त्यांच्यात अवघी 12 टक्के.

असं का व्हावं? जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि चालण्यानं स्नायू जागे होतात. उपाशीपोटीच्या आकड्यावर मात्र यकृताचा हात मोठा असतो, कारण रात्रभर साखर सोडायचं काम यकृत करतं. बिघाड कुठं आहे तसा उपाय लागतो.

पुण्यातही तरुणपणी शुगर झालेल्यांचं रक्त तपासून त्यांचे गट पाडले. सी-पेप्टाइड नावाच्या तपासणीतून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते कळतं. त्या रुग्णांतले निम्म्याहून थोडे जास्त लोक इन्सुलिनच फार कमी बनवणाऱ्या गटात निघाले. युरोपात या वयात जाडीमुळं आलेली शुगर जास्त दिसते. ज्याच्या अंगात इन्सुलिनच कमी, त्याला "कमी खा" एवढं सांगून भागत नाही. चरक-सुश्रुतांचा बारीक रोगी असा रक्ताच्या आकड्यांतून पुन्हा समोर आला.

प्रत्येकीच्या रक्ताप्रमाणं वेगळा कार्यक्रम आखून देणं अजून गावच्या दवाखान्यापर्यंत आलेलं नाही. सी-पेप्टाइडची तपासणीही आपल्याकडं सहज होत नाही. पण काही गोष्टी आज आपल्या हातात आहेत.

पहिली: तिशी ओलांडली की आशाताईकडून फॉर्म भरून घ्या आणि रक्त तपासा. कंबर 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर नक्कीच. पण बारीक असाल, घरात कुणाला शुगर असेल, किंवा गरोदरपणी शुगर निघाली असेल, तरीही तपासा.

दुसरी: एकाच आकड्यावर थांबू नका. उपाशीपोटी 100 ते 125 आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 140 ते 199, ही काठावरची साखर. उपाशीपोटीचा आकडा चांगला असून दोन तासांनंतरचा चढलेला, असं पुष्कळदा असतं. डॉक्टरांना विचारा, "माझी कोणती साखर चढलीय?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

तिसरी: तीन महिन्यांच्या शुगरबद्दल. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि रक्तस्राव झाला असेल तर खोटा कमी. आपल्यात पांढरं पडलेल्या बाया किती, ते सांगायला नको. म्हणून त्या तपासणीबरोबर हिमोग्लोबिनही बघायला सांगा.

चौथी: बारीक असाल तर उपाशी राहून शुगर टाळायला जाऊ नका. चहातली साखर, बिस्किटं, पांढऱ्या भाताचा ढीग कमी करा. पण वरण, मटकी, हरभरा, शेंगदाणे, दूध-ताक, चालत असेल तर अंडी, ताटात वाढवा. अंगावर मांस असेल तर साखर उचलायला जागा होते. जाड असाल तर वजन थोडं उतरवणं फायद्याचं. जेवणानंतर चालणं दोघींनाही चांगलं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्यातला बदल डॉक्टरांना विचारूनच करा.

पाचवी गोष्ट लेकीसुनांची. पुण्याच्या त्या गावांत बहुतेक गरोदर बायांच्या रक्तात ब-12 जीवनसत्त्व कमी निघालं होतं. ते दुधात, दह्यात, अंड्यात, मटणात असतं. ज्या आयांमध्ये फोलेट भरपूर पण ब-12 कमी, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नव्हतं. याचा अर्थ लोह-फॉलिकच्या गोळ्या सोडायच्या असा मुळीच नाही. त्या घ्यायच्याच. पण पोरीच्या ताटात दूध-ताक पोराइतकंच पडलं पाहिजे, आणि गरोदर सुनेची शुगरची तपासणी चुकता कामा नये.

त्या सहा गावांतल्या बायांनी वर्षानुवर्षं आपलं रक्त दिलं, लेकरांना तपासणीला नेलं, रोजंदारी बुडवली. त्यांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. पण बारीक बाईलाही शुगर होते हे जगाला त्यांच्यामुळं पटलं. आमच्या मावशीला ते उशिरा कळलं. तुमच्या गल्लीतल्या मावशीला वेळेवर कळावं. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी एक पान उघडा. कुणाची तपासणी झाली, कुणाची राहिली, तेवढंच लिहा. जिची राहिली, तिच्याबरोबर दोघी जा.