फाटलेल्या आवाजाची गोष्ट

गेल्या महिन्यात भाचा आला होता. पाठीवर गिटार आणि हातात जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी. जेवण झाल्यावर हेडफोन माझ्या कानावर चढवून म्हणाला, "मामा, कुठला ॲम्प ऐकायचाय तुला? फेंडर, मार्शल, व्हॉक्स.. सांगशील तो आहे." मी म्हटलं, "आप्पांचा रेडिओ आहे का?" तो हसला. त्याला वाटलं मामाचा नेहमीचा पांचट विनोद. पण मी खरंच विचारलं होतं, आणि तेव्हापासून हे सगळं डोक्यात फिरतंय. म्हणून हा जरा लांबलेला लेख.

आधी रेडिओबद्दल. ८६ साली मी बारावीत होतो आणि एका मित्राची इलेक्ट्रिक गिटार पंधरा दिवसांसाठी घरी आणली होती. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवली तर डासाएवढा आवाज येतो, तिला ॲम्प्लिफायर लागतो. तो कुठून आणणार? आमच्याकडे आप्पांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, लावल्यावर अर्ध्या मिनिटानं बोलायला लागायचा. त्याच्या पाठीमागे रेकॉर्ड प्लेअर जोडायची दोन भोकं होती. त्यात मी गिटारची वायर खुपसली आणि आवाज पूर्ण सोडला. हळू वाजवलं की गोड, जोरात वाजवलं की कडा फाटल्यासारखा खरखरीत, जाड आवाज. कॅसेटवर ऐकला होता तसाच! आनंदानं वेडा व्हायची पाळी. तेवढ्यात आप्पा बाहेरून आले आणि ओरडले, "अरे, रेडिओ फाडतोस की काय!"

(अवांतर: हा उद्योग कुणी करू नये. पुष्कळ जुन्या रेडिओंमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसायचा आणि आतल्या सांगाड्यात थेट विजेचा प्रवाह असायचा. आमच्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर होता हे माझं नशीब.)

आप्पांचं काही चुकलं नव्हतं. ॲम्प्लिफायर बनवणारा प्रत्येक इंजिनियर तेव्हा हेच म्हणत होता. आत जाईल तेच मोठं होऊन बाहेर आलं पाहिजे. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीबाहेर ढकललं की लहरीचा माथा दाबला जातो, मूळ स्वरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात, आणि आपण म्हणतो की आवाज फाटला. म्हणजे दोषच. पण गिटारवाल्यांना नेमका हा दोष आवडला. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणं ध्वनिमुद्रित झालं. वाटेत विली किझार्टचा ॲम्प बिघडला होता. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली आणि तो घरघरता आवाज रेकॉर्डवर कायमचा राहिला. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रेनं स्पीकरला स्वतःच भोकं पाडली. १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं छोट्या ॲम्पचा स्पीकर ब्लेडनं चिरला. आमच्या आप्पांनी या पोरांना पाहिलं असतं तर काय केलं असतं याची कल्पनाच केलेली बरी :-)

आता नकलेचा मुद्दा. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात 'बासमन' नावाचा ॲम्प काढला तो नावाप्रमाणे बास गिटारसाठी. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीचं त्याचं रूप, दहा इंची चार स्पीकरवालं, साध्या गिटारवाल्यांनी पळवलं. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल हे ड्रम शिकवणारे गृहस्थ वाद्यांचं दुकान चालवत. अमेरिकन ॲम्प तिथे फार महाग पडायचे. गिऱ्हाइकं म्हणाली, तुम्हीच बनवा. १९६२ साली त्यांच्या माणसांनी बासमनचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उतरवून काढलं. फक्त सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते घातले, आणि स्पीकर बंद पेटीत बसवले, बारा इंची चार. आवाज काही तसा आला नाही! जास्त कर्कश, जास्त लवकर फाटणारा. तोच पुढे 'मार्शलचा आवाज' म्हणून जगभर गाजला. म्हणजे आज भाच्याच्या पेटीत अस्सल म्हणून बसवलेला जेटीएम ४५ मुळात फसलेली नक्कल आहे.

या आवाजाची एक मोठी अडचण अशी की तो मोठ्यानं वाजवल्याशिवाय येत नाही. १९६६ साली एरिक क्लॅप्टन जॉन मायॉलच्या बँडबरोबर ध्वनिमुद्रणाला गेला तेव्हा मार्शल रंगमंचावर वाजवतो तेवढ्याच मोठ्यानं वाजवीन म्हणून अडून बसला, आणि स्टुडिओवाले हैराण झाले. घरात तर प्रश्नच नाही. शिवाय वजन. व्हॉक्सचा एसी ३० तीस किलोच्या वर भरतो. त्यात काचेच्या नळ्या, त्या झिजतात, फुटतात, प्रवासात दगा देतात.

ट्रान्झिस्टर आले तेव्हा वाटलं सुटलो. हलके, स्वस्त, गरम न होणारे. पण ते फाटायचे तेव्हा एकदम आणि कोरडे फाटायचे. व्हॉल्व्ह कसा, आधी कुरकुरतो, मग रागावतो, आणि तो किती रागवावा हे तुमच्या बोटांच्या जोरावर असतं. ट्रान्झिस्टरमध्ये ही मधली पायरीच सापडेना. मग लोकांनी व्हॉल्व्हची नक्कल करायला सुरुवात केली. 'बोस्टन' बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला, पोलरॉइडमध्ये नोकरी केलेला इंजिनियर. त्यानं १९८२ साली 'रॉकमन' काढला, कमरेला लटकवून हेडफोननं वाजवायचा. डेफ लेपर्डच्या १९८७ च्या 'हिस्टेरिया' अल्बमवर गिटारचा बराच आवाज या डबीतून आलाय. मग १९८९ साली न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टाचा 'सॅन्सॲम्प'. दोन्हींत आकडे नव्हते, साधी सर्किटंच होती.

आकड्यांचं राज्य आलं नव्वदीच्या मध्यावर. १९९५ साली रोलंडचा 'व्हीजी-८' आला. आणि १९९६ साली ओबरहाइम या सिंथेसायझर कंपनीत पूर्वी काम केलेल्या मार्कस राइल आणि मिशेल दुआदिक या दोघांनी 'लाइन ६' नावानं पहिला डिजिटल मॉडेलिंग ॲम्प आणला. खरा धमाका १९९८ चा, 'पॉड'. लाल रंगाचं, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचं यंत्र. आत सेकंदाला हजारो वेळा गिटारची लहर मोजायची आणि प्रत्येक मोजमापाला 'इथे तो व्हॉल्व्ह काय करता?' असं विचारून गणित करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण फाटण्यातून नवे उंच स्वर तयार होतात, त्यातले आकड्यांच्या आवाक्याबाहेरचे स्वर खाली घसरतात आणि बेसूर होऊन परत येतात. ते टाळायचं तर कितीतरी पट जास्त वेगानं मोजायला लागतं. आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत. नाहीतर तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो आणि वाजवणाऱ्याचा हात अडखळतो.

पॉडमध्ये ॲम्पांची खरी नावं नव्हती, ट्रेडमार्कची भानगड. 'ब्रिट ब्लूज' म्हणजे मार्शल, 'ट्वीड ब्लूज' म्हणजे बासमन अशी टोपणनावं. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत त्यातला प्रकार.

२००० च्या सुमाराला अमेरिकेहून येणाऱ्या एका मित्राकरवी मी पॉड मागवला. तोवर कॉलेजच्या गॅदरिंगपासून सोसायटीच्या गणपतीपर्यंत आम्ही गिटार थेट मांडववाल्याच्या मिक्सरला जोडायचो आणि डबीत मधमाशी कोंडल्यासारखा आवाज यायचा. याचं कारण मला तेव्हा कळलं. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढचे स्वर जवळजवळ देतच नाही, फाटण्यातली कर्कश धार तो गाळून टाकतो. मांडववाल्याचा कर्णा ती धार सगळीच्या सगळी कानात ओततो. पॉडनं स्पीकरचं हे गाळणंही नकलेत धरलं होतं, आणि त्याच्यापुढच्या माइकचंसुद्धा.

हा माइकचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी आयुष्यभर खऱ्या मार्शलसमोर उभं राहून वाजवलं त्यांनी पॉडला नाकं मुरडली. म्हणाले, पोटात धक्का बसत नाही, हवा हलत नाही. खरंच होतं. पण मी मार्शल कधी पाहिलाच नव्हता. मला ठाऊक होता तो कॅसेटमधला मार्शल. माइकनं टिपलेला, टेपवर उतरलेला, टू-इन-वनच्या स्पीकरमधून आलेला. पॉड बरोब्बर त्याचीच नक्कल करत होता. पहिला स्वर वाजवला आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पुढे कित्येक वर्षांनी एका मित्राकडे खरा व्हॉल्व्ह ॲम्प वाजवायला मिळाला तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया होती, "हे काहीतरी वेगळंच आहे." आता यात अस्सल काय, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

गाणाऱ्यांच्या घरात हा वाद नवा नाही. बंगलोरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. आमच्या आत्याकडे मिरजेचा तानपुरा होता. मिरजेचे कारागीर घोडीवर तार अशी टेकवतात की ती किंचित घासत कंप पावते, त्याला जवारी म्हणतात. तारेखाली दोरा सरकवून ती जागा शोधायची. साध्या तारेच्या हिशेबानं तो घासल्याचा आवाज दोषच म्हणायचा, पण तोच काढला तर तानपुरा मुका. आत्यानं 'ती पेटी' वर्षभर घरात येऊ दिली नाही. पुढे गुडघे गेले, तानपुरा उचलवेना, तेव्हा रोज सकाळी तीच पेटी सुरू झाली. मिरजेचा तानपुरा मात्र गवसणी घालून शेवटपर्यंत कोपऱ्यात होता.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. २००६ साली क्लिफ चेस यांच्या फ्रॅक्टल ऑडिओचा 'ॲक्स-एफएक्स' आला. त्यात सर्किटचा एकेक भाग गणितात मांडलेला, अगदी जोरात वाजवल्यावर वीजपुरवठा दबतो तोसुद्धा. मोठमोठ्या बँडनी ॲम्पचे ट्रक घरी ठेवले. रंगमंचावर ॲम्पच नाही, गिटारचा आवाज सरळ मिक्सरला आणि तिथून कानातल्या बोंडांना. साउंडवाले खूश. गिटारवाले अजून मागे वळून ॲम्प शोधतात म्हणे.

२०११ साली जर्मनीच्या क्रिस्तोफ केम्पर यांनी उलटाच विचार केला. ॲम्पच्या आत काय आहे हे बघायचंच नाही. त्याला चित्रविचित्र आवाज ऐकवायचे, तो काय उत्तर देतो ते माइकनं ऐकायचं, आणि तसं वागायला शिकायचं. आता हेच काम न्यूरल नेटवर्क करतात. हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीचा 'क्वाड कॉर्टेक्स' आहे, आणि स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' तर चक्क फुकट, मुक्तस्रोत. काही मिनिटांचा ठरावीक आवाज तुमच्या ॲम्पमधून वाजवायचा, बाहेर आलेला रेकॉर्ड करायचा, आणि संगणक दोन्हींतला फरक शिकतो. एक मर्यादा अशी की सहसा बटणं ज्या जागी असतील तेवढ्याच जागेचा तो फोटो असतो. बटण फिरवलं की नवा फोटो.

भाच्यानं हे समजावून सांगितलं आणि मी परत विचारलं, "म्हणजे रेडिओचाही काढता येईल?" या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "कशाचाही येईल मामा, फक्त ती वस्तू चालू हवी."

आप्पांचा रेडिओ ९४ साली घर रंगवताना मी स्वतः भंगारवाल्याला दिला. आप्पा तेव्हा गावाला गेले होते. परत आल्यावर त्यांनी रिकाम्या फळीकडे एकदा पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. त्या फळीवर मी नवा टेपरेकॉर्डर आणून ठेवला होता, तो त्यांनी स्वतःहून कधी लावल्याचं मला आठवत नाही.

तर एक विनंती, विशेषतः नाशिकच्या आणि कोल्हापूरच्या मंडळींना. आप्पांनी तो रेडिओ घेतला तेव्हा तसाच दुसरा काकांनीही घेतला होता असं आई सांगायची. तो कुणाच्या माळ्यावर असेल तर कृपया टाकू नका, मला कळवा. आणि उत्साहाच्या भरात लगेच प्लग लावून बघू नका. इतक्या वर्षांत आतले कपॅसिटर गेलेले असतात, जुना मेकॅनिक बघून आधी ते बदलावे लागतील. भाचा दिवाळीत सुट्टीवर येतोय, पेटी घेऊन.