चकती एक, संगणक अनेक

एका खऱ्या संगणकाच्या आत केवळ प्रोग्रॅमच्या साहाय्याने दुसरा संगणक उभा करता येतो. त्याला आपण आभासी संगणक म्हणू. खरा संगणक हा यजमान आणि आभासी संगणक हा त्याचा पाहुणा. आता यजमानाच्या चकतीवर (डिस्कवर) आधीच असलेली माहिती पाहुण्याला वापरायची असेल, तर ती कशी द्यायची? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचा इतिहास पाहिला, की साठवण आणि तिची नोंद यांतील फरक चांगला कळतो.

ही कथा अमेरिकेतील केंब्रिज गावी सुरू होते. तेथील आयबीएमच्या विज्ञान केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने १९६४ मध्ये सीपी-४० ही प्रणाली रचायला घेतली. जानेवारी १९६७ पासून ती वापरात होती. एकाच यंत्रावर चौदा आभासी संगणक चालत आणि प्रत्येक वापरणाऱ्याला यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे वाटे.

प्रक्रियकाचा वेळ वाटून देता येतो. थोडा वेळ याला, थोडा त्याला. चकतीचे तसे नाही. तिच्यावर लिहिलेले उद्याही जागेवर राहायला हवे. प्रत्येकाला स्वतंत्र चकती देणेही परवडणारे नव्हते. आयबीएमच्या तेव्हाच्या २३११ चकतीसंचात सुमारे साडेबाहत्तर लाख अक्षरेच मावत. म्हणून एका चकतीचे अनेक तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा एका पाहुण्याला ‘लघुचकती’ म्हणून दिला.

याची युक्ती बेरजेची आहे. समजा, एका पाहुण्याचा तुकडा खऱ्या चकतीच्या १०० क्रमांकाच्या पट्ट्यापासून सुरू होतो. पाहुणा म्हणतो, ‘पाचवा पट्टा वाच.’ नियंत्रक प्रोग्रॅम त्यात १०० मिळवतो आणि १०५ वा पट्टा वाचून देतो. मागणी तुकड्याच्या हद्दीबाहेर गेली, तर तो नकार देतो. पाहुण्याला यातले काहीच कळत नाही.

पुढची पायरी वाटून घेण्याची. २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झालेल्या व्हीएम/३७० प्रणालीत ‘लिंक’ ही आज्ञा देऊन दुसऱ्याची लघुचकती आपल्या आभासी संगणकाला जोडता येई. सर्वांना लागणारे प्रोग्रॅम एकाच चकतीवर ठेवत आणि ती सगळ्यांना फक्त वाचण्यासाठी देत. त्यामुळे जागा मोठ्या प्रमाणात वाचली.

दोघांनी एकाच चकतीवर लिहायचे ठरवले, तर मात्र घात होतो. आपण शाळेच्या साठानोंदवहीचे उदाहरण घेऊ. दोन शिक्षकांनी सकाळी तिची नक्कल उतरवून घेतली आणि दिवसभर आपापल्या नकलेवरून कपाटात सामान लावले. दोघांच्याही नकलेत तिसरा खण रिकामा आहे. दोघेही तेथेच सामान ठेवतील. आभासी संगणकही कोठे काय आहे याची सूची स्वतःच्या स्मृतीत बाळगतो. दुसऱ्याने केलेला बदल त्याला समजत नाही. एकाने दुसऱ्याच्या माहितीवर लिहिले, की मूळ माहिती कायमची जाते. नुसता वाचणाराही जुन्या सूचीमुळे चुकीच्या जागी जाऊ शकतो.

१९९९ मध्ये व्हीएमवेअरने वैयक्तिक संगणकांवर आभासी संगणक आणला, तेव्हा हीच अडचण घरोघरच्या यंत्रांवर आली. यजमानाने उघडलेला चकतीचा भाग त्याच वेळी पाहुण्यालाही दिला, तर दोन सूच्या तयार होतात.

यावरचा उपाय असा, की सूची एकाच्याच हाती ठेवायची. पाहुण्याने पट्टा मागायचा नाही, फाइल मागायची. ती शोधण्याचे आणि लिहिण्याचे काम यजमानाचे. बेल प्रयोगशाळेच्या ‘प्लॅन ९’ प्रणालीतील ९पी ही संभाषणपद्धती पुढे यासाठी उपयोगी पडली. यजमान-पाहुण्यासाठीच रचलेली ‘व्हर्टिओ-एफएस’ ही पद्धती २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत आली.

वर्गात हे दाखवायला एक वही पुरते. दोन विद्यार्थ्यांना तिच्या कोऱ्या पानांची यादी उतरवून घेऊ द्या आणि एकमेकांशी न बोलता पाळीपाळीने लिहायला सांगा. मात्र लिहिण्यापूर्वी पान कोरे आहे का हे पाहायचे नाही, यादीवरच विसंबायचे. नंतर यादी एका तिसऱ्या विद्यार्थ्याकडे सोपवून हाच खेळ पुन्हा करा. नियंत्रक कशासाठी लागतो, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.