तळं खोदेल त्याला जमीन

आपला तुमसर तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरावर रान, खाली तळं, तळ्याखाली धान, ही आपल्याकडची जुनी रीत. आता पाऊस लांबला की पऱ्हे वाळतात, आणि आला की एकाच दिवशी कोसळतो. अशा वेळी आम्हाला जुनी गोष्ट आठवते.

चांद्याच्या गोंड राजांनी एक कायदा केला होता, असं सांगतात. जो तळं बांधेल, त्याला त्या तळ्याच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन. राजाने तिजोरीतून पैसा दिला नाही, हक्क दिला. कोहळी समाजाने भंडारा-चांद्याकडे तळी बांधली ती अशा हक्काच्या जोरावर. वरचं रान तुटलं तर तळं गाळाने भरेल, हे पाळ बांधणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं.

पण गोष्टीची दुसरी बाजूही आहे. रान तोडून शेत करणाऱ्यालाही तेच राजे जमीन देत. म्हणजे बक्षीस कशाला ठेवलं, त्यावर रानाचं नशीब ठरतं.

पुढे ही तळी मालगुजारांकडे गेली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, ते बरंच झालं. तळी सरकारजमा झाली. पण मालकाची गरज संपली, आणि गावाचा हक्क काही त्या जागी आला नाही. गाळ कुणी काढायचा? पाळ कुणी बांधायची? कितीतरी तळी उथळ होत गेली.

हक्क परत मिळाला की काय होतं, ते गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं. वनहक्क कायद्याखाली 2009 साली त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 पासून बांबू ग्रामसभा स्वतः विकू लागली. जंगल राखलं तरच पुढच्या वर्षी बांबू. दूर कोस्टारिका देशात तर 1997 पासून खाजगी रान राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देतं. त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो.

आपल्या धुऱ्यावरचा मोह मात्र उभा राहिला तर त्याचे पैसे कुणी देत नाही, तोडला तर व्यापारी लगेच देतो. पहाटे मोहफुलं वेचतो आपण, टोरी फोडतो आपण. सातबाऱ्यावर नाव घरच्या माणसाचं. उद्या झाड राखायचा मोबदला आलाच, तर तो कुणाच्या खात्यात जाईल?

वनहक्क कायद्यात नवरा-बायको दोघांच्या नावे पट्टा देण्याची तरतूद आहे. तसंच इथेही हवं. येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी मांडूया: तळ्याच्या वरचं रान गावाने राखायचं, आणि राखणीचा जो काही मोबदला येईल, त्यावर वेचणारणीचंही नाव.

मोह म्हातारा झाला तरी फुलतो, बायांनो. विकायची घाई नको.